दुसऱ्या पाण्याचा वाफा

सोमवारी सकाळी ताई दात घासत मागच्या अंगणात गेली आणि तोंडातला फेस तसाच ठेवून पाच मिनिटं उभी राहिली. कर्दळ पिवळी पडली होती. एखादं पान पिवळं पडणं रोजचंच, त्याचं कोण काय करतो. पण ही पिवळाई पानांच्या कडा करपवत आत चालली होती, आणि वाफ्याच्या ज्या टोकाला पाणी शिरतं नेमकी तिथूनच सुरू झाली होती. तिने दोन-चार पानं उलटी करून पाहिली, मग खाली बसून खडी उकरली. मुळं हाताला मऊ लागली. रविवारी अकरा वाजता इमारतीची दहाच्या दहा बिऱ्हाडं हा वाफा बघायला येणार होती, आणि वाफा असा तोंड पाडून बसलेला. ताईच्या तोंडचं पाणी पळालं म्हणावं, तर तोंडात फेस होता.

ताई कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढचा सगळा आटापिटा तुम्हाला उगाचचा वाटेल. वय बावन्न, लग्न केलं नाही, कापड रंगवायच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं नोकरी. त्यातली पहिली पंधरा ब्लीचिंग खात्यात गेली, म्हणजे कापडाचा मूळचा मळकट रंग उडवून ते पांढरंफटक करतात तिथं. त्या खात्याने तिला पाणी ओळखायला शिकवलं. बादलीत नुसतं डोकावून ती सांगायची, यात साबण जास्त झालाय, यात खार आहे. बदल्यात त्या खात्याने तिचं नाक अर्धं घेतलं. फुलाचा वास येई, करपलेल्या दुधाचा येई, फक्त ब्लीचचा येत नसे. पंधरा वर्षं त्याच वासात उभं राहिल्यावर नाकाने तो वास ऐकणंच सोडून दिलं होतं.

घर तळमजल्यावर. घरात चार माणसं. ताई, तिची आई, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोकांच्या इमारतींत वर-खाली. भावजय घरी बसून छापखान्याची प्रुफं तपासते, लाल पेन घेऊन. आणि आई म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेली वॉर्डाची मुख्य सिस्टर. एकोणऐंशी वर्षांची, पण अजून कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि पाठ ताठ. अख्खी इमारत तिला सिस्टरच म्हणते. तिच्यासमोर पायावर पाय टाकून बसायची कोणाची छाती होत नाही.

त्या गावात नळाला दिवसाआड तासभर पाणी. कारखान्यात एकच पाणी तीनदा वापरतात, आणि आपल्या घरी आंघोळीचं पाणी अंगावरून उतरलं की थेट गटारात, याचा ताईला संताप येई. गेल्या वर्षी तिने तो संताप कामाला लावला. दोन्ही न्हाणीघरांची आणि कपडे धुवायच्या मशीनची अशा तीन नळ्या मागच्या अंगणात आणल्या. नळ्यांच्या तोंडाला जुने मोजे बांधले, केस आणि धागे अडकायला. मग एका पिंपात पाणी निवायचं, दुसऱ्या पिंपात वाळू-खडीतून गाळायचं, तिथून खडीच्या लांब वाफ्यात. वाफ्यात कर्दळ. कर्दळीची मुळं उरलेली घाण खातात आणि टोकाच्या टाकीत पाणी उतरतं ते चांगलं नितळ. संडासाच्या टाक्यांना, झाडांना, जिना धुवायला तेच. स्वयंपाकघराच्या तेलकट पाण्याला मात्र ती हात लावत नसे. नळाचं ते पहिलं पाणी आणि हे दुसरं पाणी, अशी घरात नावंच पडली होती.

अंगण मात्र सगळ्या इमारतीचं. म्हणून परवानगी लागली, आणि ती मिळाली एका वर्षाची. इमारतीचे अध्यक्ष म्हणजे बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर, आजही घड्याळ बघितल्याशिवाय नमस्कार न करणारे. त्यांनी लिहून दिलं होतं: वर्ष संपलं की सगळ्यांनी बघायचं आणि मत द्यायचं. बहुमत झालं तर दहाही बिऱ्हाडांचं पाणी या अंगणात येणार, मोठा वाफा होणार. नाही झालं तर हाही वाफा गुरुवारपर्यंत उखडून जागा मोकळी करायची. ते वर्ष या रविवारी संपत होतं.

खोटं कशाला सांगू, ताईला त्या वाफ्याचं वेड होतं. सत्तावीस वर्षं तिने दुसऱ्यांनी ठरवलेल्या रंगात दुसऱ्यांचं कापड बुडवलं होतं. स्वतःच्या डोक्यातून निघालेली आणि जगात उभी राहिलेली अशी तिची ही एकच गोष्ट. कारखान्यातून आली की चपला काढायच्या आधी ती वाफा बघून येई. भाऊ म्हणायचा, "ताईचं लग्न झालंय गं त्या कर्दळीशी, आपणच वऱ्हाडात नव्हतो." ती हसायची, पण तिला ते खरंच वाटायचं.

तर त्या सोमवारी ताई चहाच्या टेबलाशी आली ती उभीच राहिली.

"कोणीतरी ब्लीच टाकलंय," ती म्हणाली. "मीठ-सोडा असता तर पानांची टोकं जळली असती. इथे मुळंच भाजलीत. न्हाणीघराच्या दारावर मी यादी लावलीय. हा साबण चालेल, हा चालणार नाही, ब्लीच थेंबभरसुद्धा नको. वाचता येतं ना सगळ्यांना?"

"आले इन्स्पेक्टर," भाऊ म्हणाला आणि बशीत चहा ओतला. "माझी झडती घ्या. खिशात फक्त पान्हा आहे."

भावजय प्रुफांतून वर बघेना. आईने कप खाली ठेवला, ओठ टिपले.

"नियम केला की पाळायचा," आई म्हणाली. "माझ्या वॉर्डात असं झालं असतं तर मी सगळ्यांच्या सह्या घेतल्या असत्या."

ताईला तेवढंच बळ आलं. आई आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर उरले दोघं. भावाला ब्लीच आणि बडीशेप यातला फरक कळत नाही. म्हणजे राहिली कोण?

मंगळवारी आणखी चार रोपं माना टाकून बसली. कारखान्यात तिने लाल रंगाच्या हौदात निळा गठ्ठा सोडता सोडता वाचवला, मुकादम तिच्याकडे बघतच राहिला. घरी येऊन ती एका जागी बसेना. पिंपाचं झाकण उघड, मोजे काढून पिळ, वास घे. येतच नव्हता तो वास, तरी घे. नळाला पाणी आलं तेव्हा आपल्या वाटणीच्या पहिल्या पाण्याच्या सहा बादल्या तिने वाफ्यात ओतल्या, मुळं धुऊन निघावीत म्हणून. स्वतः दोन दिवस ओल्या टॉवेलने अंग पुसलं. भावाने विचारलं, "अगं, झाडांसाठी पाणी वाचवायचं की झाडांपासून?" यावर ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

बुधवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तिला साबण देता देता सहज विचारलं, "दुसरी पिशवी पाठवू का ब्लीचिंग पावडरची? मागच्या आठवड्यात दोन किलो पाठवली होती. फोन आला होता घरून. दारात तुमच्या भावजयीनेच घेतली."

ताई घरी पोचली ती पायात वारं भरल्यासारखी. भावजय खिडकीशी बसली होती, मांडीवर कागद.

"ब्लीच तू मागवलंस?"

भावजयीने पेनाला टोपण लावलं.

"हो," ती म्हणाली.

"कशाला?"

"न्हाणीघर घासायला. फार मळलं होतं."

"आणि यादी?"

"चुकलं, वन्सं."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. चूक कबूल केलेल्या माणसाला आणखी काय करणार? पण तीन दिवस कोंडलेला राग होता आणि रविवार चार दिवसांवर होता. ताई म्हणाली, "लोकांच्या चुका शोधायचे पैसे घेतेस तू. एक वेलांटी सुटली तर तुला दिसते. माझं वर्षभराचं काम जळलं ते दिसलं नाही? की माझं काही उभं राहिलेलं तुला बघवत नाही?"

भावजयीचा चेहरा लाल झाला. तिने मांडीवरचे कागद गोळा केले. आतल्या खोलीत आईचा रेडिओ चालू होता, तो त्याच वेळी बंद झाला. रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं आणि ते कोणीच बोललं नाही.

पण ताई कारखान्यातली बाई. कबुली मिळाली तरी हौद तपासल्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही. कारखान्यात पाण्यात ब्लीच उरलंय का ते बघायची एक साधी रीत आहे. कच्च्या रंगाच्या लाल कापडाची चिंधी त्या पाण्यात बांधून ठेवायची. ब्लीच असेल तर ती पांढरी पडते. गुरुवारी कामावर जाण्याआधी ताईने तीन नळ्यांच्या तोंडाला तीन चिंध्या बांधल्या. भावजयीने ब्लीचने घासणं थांबवलं असेल तर तिन्ही लाल राहणार. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढचे तीन दिवस तरी सुखाने काढता येतील, असा तिचा हिशेब.

दुपारी साडेतीनला ती परत आली. मशीनच्या नळीची चिंधी लाल. मोठ्या न्हाणीघराच्या नळीची लाल. आईच्या खोलीला लागून छोटं न्हाणीघर आहे, त्याच्या नळीची चिंधी धुतल्या तांदळासारखी पांढरी.

ताईचं पित्त खवळलं. म्हणजे तोंडदेखलं चुकलं म्हणायचं, आणि आपली पाठ वळली की पुन्हा तेच, तेही आईच्या न्हाणीघरात, म्हणजे कोणाला संशय नको. आता हिला रंगेहाथच धरायची. तिने शुक्रवारची अर्धी रजा टाकली.

शुक्रवारी दुपारी एक वाजता ती मागच्या गल्लीतून, चपला हातात घेऊन, स्वतःच्याच घराच्या अंगणात चोरासारखी शिरली. आईच्या न्हाणीघराला तिरक्या काचांची खिडकी आहे. आतून पाण्याचा आवाज येत होता. ताईने टाचा उंचावून काचेच्या फटीतून पाहिलं.

आत आई होती.

छोट्या स्टुलावर बसलेली, पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, छातीला उलटं घड्याळ टाचलेलं. वॉर्डात टाचायची तसंच. समोर बादलीत चादर बुडवलेली होती. शेजारी रबराचं मेणकापड धुऊन उभं केलेलं. आई घड्याळाकडे बघत होती. अर्धा तास, ताईला एकदम आठवलं. लहानपणी आई सांगायची, लघवीने खराब झालेल्या चादरी ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्याशिवाय माझ्या वॉर्डातून एक चादर धोब्याकडे जात नाही. वेळ झाली तशी आईने चादर उचलायला घेतली. पाण्याने जड झालेली चादर तिला उचलवेना. तिने ती पकडली, सोडली, पुन्हा पकडली. एक टोक पिळून घेतलं, दम खाल्ला, मग दुसरं टोक. मग भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा स्टुलावर बसली. तोंडातून हूं की चूं नाही. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून तिने ओठ आत ओढून घेतले होते.

ताई खाली बसली, खडीवर, वाफ्याच्या कडेला. रोज सकाळी आईची गादी आवरलेली, चादर ताणलेली, कोपरे दुमडलेले. आई रोज चादर का बदलते, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आई म्हणजे स्वच्छता, एवढंच.

मागचं दार हळूच उघडलं. भावजय बाहेर आली आणि शेजारी उकिडवी बसली.

"कळलं ना?" ती कुजबुजली. "आता गप्प राहा."

"तुला कधीपासून माहीत?"

"दोन महिने होतील. मी दिवसभर घरात असते, वन्सं. मला नाक आहे. आधी त्या नुसत्या साबणाने धुवायच्या, पावडर मागच्या आठवड्यात मागवली."

"मग मला सांगायचं नाहीस? निदान आईला तरी सांगायचं, ते पाणी गटारात ओता म्हणून."

"काय सांगायचं? ब्लीच गटारात ओता म्हटलं की मला सगळं ठाऊक आहे हे सांगितल्यासारखंच ना? दुसऱ्या दिवसापासून त्या मला तोंड दाखवणार नाहीत. त्या दुपारी मी झोपते असं धरून चालतात. मीही दार लावून पडते. पाणी वाजायचं थांबलं की उठते." तिने मागच्या दाराकडे पाहिलं. "बुधवारी तुम्ही मला बोललात तेव्हा त्या आत होत्या. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही घरभर शोधलं असतंत."

बुधवारी आपण काय काय बोललो ते ताईला शब्दन्‌शब्द आठवत होतं, आणि वाटत होतं जमिनीने पोटात घ्यावं.

"मी फार वाईट बोलले तुला," ती म्हणाली.

"बोललात," भावजय म्हणाली. "मला लागलंही. पण ते नंतर बघू."

संध्याकाळी ताईने आईच्या न्हाणीघराची नळी कापली आणि गटाराला जोडून टाकली. आईने खिडकीतून विचारलं, "काय करतेस गं?" ताई म्हणाली, "गळत होती." आईने आणखी काही विचारलं नाही. वाफ्याचं दुखणं तर थांबलं होतं. पण कर्दळीला पुन्हा पालवी यायला तीन आठवडे तरी हवेत, आणि हातात होता एक दिवस. शनिवारभर ताई अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. पिवळी पानं कापावीत तर वाफा बोडका दिसतो, ठेवावीत तर आजारी दिसतो. शेवटी अर्धी कापली, तेव्हा तो दोन्ही दिसायला लागला.

रविवारी अकराला एक मिनिट असताना कंट्रोलर आले. मागोमाग बाकीची बिऱ्हाडं, कोणी जिन्याच्या पायऱ्यांवर, कोणी भिंतीला टेकून. आईसाठी खुर्ची आणली होती. ती पुढेच बसली, हात मांडीवर, पाठ ताठ.

ताईने पिंपं दाखवली, टाकी उघडून पेल्यात पाणी काढून दाखवलं. वर्षभरात आपल्या घराने टँकरचं पाणी एकदाही मागवलं नाही हे सांगितलं. लोक माना हलवत होते. दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका पुढे आली. ती ताईच्या बाजूची होती, पहिल्या दिवसापासून.

"मला हे हवंय," ती म्हणाली. "पण ताई, झाडं का मेली ते सांगा. आणि गेले कित्येक दिवस तुमच्या अंगणातून माझ्या खिडकीत ब्लीचचा वास येतोय. आम्हाला सगळ्यांनाच येतोय."

सगळे हो हो म्हणाले. अख्ख्या इमारतीला येत होता. ताईला सोडून.

"ब्लीच गेलं होतं वाफ्यात," ताई म्हणाली. "ते थांबवलंय. तीन आठवड्यांत वाफा पहिल्यासारखा होईल."

"कोणी टाकलं?" कंट्रोलरांनी वही उघडली. "घरात कोणी न कळून टाकलं असेल तर तो वाफ्याचा दोष नाही. तसं मी लिहून घेतो. माणसाला शिकवता येतं. मग मतं घेऊ."

इतकं सोपं होतं ते. नुसतं एक माणूस दाखवायचं, आणि वाफा वाचला. बायकांचे डोळे आधीच भावजयीकडे वळले होते. घरी असते, धुणं-भांडी तिचीच. ताईने तिकडे पाहिलं तर भावजय भिंतीपासून पुढे सरकत होती. तिचं तोंड उघडलं होतं. ती म्हणणार होती मी. दुसऱ्यांदा म्हणणार होती, आणि या वेळी सगळ्या इमारतीसमोर. खुर्चीवर आई सरळ समोर बघत होती. तिच्या मांडीवरचे हात एकमेकांत इतके घट्ट अडकले होते की बोटं पांढरी पडली होती.

ताईने वाफ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा धीर सुटला असता.

"मी टाकलं," ती म्हणाली. "माझ्याच हातून गेलं."

"तुमच्या हातून?" कंट्रोलर चक्रावले. "अहो, यादी तुम्हीच लावलीत ना?"

"हो. कारखान्यात हात बसलाय ब्लीचवर. न्हाणीघर घासलं, आणि विसरले. मला त्याचा वास येत नाही. त्यामुळे कळलंही नाही."

कोणीतरी हसलं. आता यात हसण्यासारखं काय होतं, पण हसलं. वरच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "म्हणजे ज्या बाईने हे बांधलं तिच्याच हातून असं होतं, तर आमच्या दहा घरांत काय होईल?" आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. ताई त्याच्या जागी असती तर तिनेही तेच म्हटलं असतं. शिक्षिकेने ताईकडे जरा वेळ टक लावून पाहिलं, मग मान खाली घातली. मतं झाली. चार घरं बाजूने, सहा विरुद्ध. कंट्रोलरांनी वेळेसकट वहीत लिहून घेतलं: गुरुवारपर्यंत जागा मोकळी करणे. आई खुर्चीवरून उठली आणि कोणाशी न बोलता आत गेली.

त्या संध्याकाळी आई जेवायला आली नाही. पोट जड आहे म्हणाली.

सोमवारी ताईने रजा घेतली आणि कर्दळ उपटायला बसली. एकेक गड्डा ओढायचा, झटकायचा, बाजूला टाकायचा. तिला रडू येत होतं आणि ती रडत होती, लपवत नव्हती, कारण अंगणात कोणी नव्हतं. अर्धा वाफा झाला असेल, तेवढ्यात आईच्या न्हाणीघराची काच आतून वाजली.

"इकडे ये," आई म्हणाली. "हात धुऊन ये."

ताई गेली. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आई स्टुलावर बसलेली, समोर बादली, बादलीत चादर.

"एकटीने पिळवत नाही मला," आई म्हणाली. "टोक धर."

ताईने टोक धरलं. आईने दुसरं धरलं.

"उलट्या बाजूने पीळ. दोघींनी एकाच बाजूला पिळून काय निघणार?"

ताईने हात बदलला. चादर मधोमध पीळ खात आखडत गेली, पाणी धारेने खाली पडलं आणि मोरीकडे वाहत गेलं. दोघी ते जाईपर्यंत बघत राहिल्या.

"तुला कधीपासून माहीत आहे?" आईने विचारलं.

"शुक्रवारपासून."

"आणि तिला?"

"दोन महिने."

आईने श्वास सोडला. "म्हणजे मी एकटीच चोरून धूत होते."

"धाकट्याला माहीत नाही."

"त्याला सांगू नकोस."

"नाही सांगत."

आईने चादरीचं टोक मांडीवर ठेवलं. ओल्याने तिची इस्त्रीची घडी भिजली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "काल तू मी म्हणालीस ना, तेव्हा मला उठायचं होतं," ती म्हणाली. "धीर झाला नाही गं. चौतीस वर्षं लोकांच्या चादरी बदलल्या. थोरामोठ्यांच्या. त्यांना सांगायचे, यात लाजायचं काय, शरीर आहे. एकालाही मान खाली घालू दिली नाही. आणि स्वतःवर वेळ आली तर पोरीचं घर जळताना बघत बसले." मग म्हणाली, "तुझा वाफा गेला माझ्यापायी."

जाऊ दे, असं म्हणायला ताईने तोंड उघडलं होतं. पण आईला आत्ता खोटं सांगणं तिला जमेना.

"हो," ती म्हणाली. "गेला. मला फार वाईट वाटतंय."

"वाटणारच," आई म्हणाली, आणि तिने ताईच्या ओल्या मनगटावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथे होता. मग आईने पाठ सरळ केली, भिंतीला धरलं, पण उठली नाही. दाराकडे तोंड करून तिने हाक मारली. वॉर्डातला आवाज, तरी मध्येच चिरकलेला.

"अगं ए, झोपली नाहीयेस मला माहीत आहे. ये इकडे."

भावजय आली आणि उंबऱ्याशी थांबली. तिने ताईकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. आईने पिळलेली चादर उचलून तिच्यापुढे धरली. तिच्या डोळ्याला मात्र ती डोळा देईना.

"ही वाळत घाल," आई म्हणाली. "आणि रात्रीसाठी माझ्या उशाशी दोन काढून ठेव. एक पुरत नाही."